रस्त्याला लागून जागा आहे आणि तिथे अपघात झाला, तर जबाबदार कोण? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं रान डांबरी रस्त्याला लागून आहे, आणि कोपऱ्यात आज्याच्या काळातली विहीर, रस्त्यापासून मोजून अकरा पावलांवर. कठडा नव्हता, भोवती घाणेरी आणि बाभळ माजलेली. काही वर्षांपूर्वी रात्री नऊ-साडेनऊला शेजारच्या गावातला एक पोरगा समोरच्या गाडीच्या लाइटनं दिपला, बाइक रस्त्याखाली उतरली ती थेट विहिरीत. अण्णा आणि माझा चुलतभाऊ बॅटरी घेऊन पळाले, पण बॅटरीची गरजच पडली नाही कारण बाइकचा हेडलाइट पाण्याखाली अजून पेटलेला होता, सगळी विहीर हिरवट उजळलेली आणि त्या उजेडात पोरगा पायरीच्या दगडाला धरून लटकलेला. पाय मोडला पण जीव वाचला. आठ दिवसांनी त्याचे वडील आले, भांडायला नाही, चहा घेतला आणि जाताना एवढंच म्हणाले, "अण्णा, कठडा का नव्हता हो?" अण्णांना काही बोलता आलं नाही. महिन्याभरात चार फुटी कठडा उभा राहिला.

आता मी पुण्यात सोसायटीच्या कमिटीवर आहे आणि झाड, कंपाउंड वॉल, बोर्ड, बांधकाम या सगळ्यावरून लोक मला तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी वकील नाही, प्रत्यक्ष केस असेल तर वकील गाठा, पण निदान काय विचारायचं ते कळलेलं असू दे.

अपघात रस्त्यावर झाला, रस्ता सरकारचा. मग शेजारच्या जागामालकाचा काय संबंध?

संबंध असा की धोका कुठून आला ते बघितलं जातं. फांदी तुमच्या झाडाची, माती तुमच्या साइटची, भिंत तुमच्या कंपाउंडची असेल तर ती पडली रस्त्यावर एवढ्यानं ती सरकारची होत नाही. कोर्टात दोन गोष्टींवर सगळं फिरतं, एक म्हणजे ती वस्तू कुणाच्या ताब्यात होती, आणि दुसरं म्हणजे ती धोकादायक आहे हे त्याला माहीत होतं का किंवा जरा लक्ष दिलं असतं तर कळलं असतं का. दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, खालच्या जवळपास सगळ्या उत्तरांत तो परत येईल.

हे कायद्यात नेमकं कुठे आहे?

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम २८५ मध्ये असं आहे की आपल्या ताब्यातल्या किंवा देखरेखीखालच्या मालमत्तेची काळजी न घेतल्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर कुणाला धोका, अडथळा किंवा इजा झाली तर ५,००० रुपयांपर्यंत दंड. म्हणजे नुसतं काही करणंच नाही, काही न करणंसुद्धा गुन्हा. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, हाच दंड २०० रुपये होता. हलगर्जीपणानं कुणाचा जीव गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, आधी ही दोन वर्षं होती. हे झालं फौजदारी. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा, आणि दोन्ही एकाच वेळी चालू शकतात, एकात सुटलो म्हणजे दुसऱ्यात सुटलोच असं नाही.

शेतातली विहीर रस्त्याजवळ आहे, खासगी आहे. कठडा बांधायची सक्ती आहे का?

या प्रश्नावर मी जरा जास्त बोलणार आहे.

२८ जानेवारी २०२० ला नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यात मेशी फाट्याजवळ एसटी बस आणि रिक्षाची धडक झाली आणि दोन्ही गाड्या रस्त्याकडेच्या विहिरीत गेल्या, २६ माणसं गेली. जुलै २०२४ मध्ये जालना जिल्ह्यात पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळीपिवळी विहिरीत पडली, सात जण गेले. ४ एप्रिल २०२५ ला नांदेडच्या आलेगाव शिवारात शेतमजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत गेला, पुन्हा सात. प्रत्येक वेळी आपण चालकाचं काय चुकलं ते विचारतो, आणि विचारलंच पाहिजे, पण गाडी रस्त्यावरून खाली उतरली तर शेतात कलंडते आणि बरीच माणसं वाचतात, विहीर असली की पाण्यात बुडून मरतात. हा जो फरक आहे तो गाडीनं केलेला नाही, उघड्या विहिरीनं केलाय.

आता कायदा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२, जे आधी सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, १३३ होतं, त्यात सार्वजनिक रस्त्यालगतच्या विहिरीला, तळ्याला किंवा खणलेल्या खड्ड्याला कुंपण घालायचा हुकूम देता येतो असं सरळ लिहिलंय. कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत प्रांत, मालकाला किंवा ज्याच्या ताब्यात विहीर आहे त्याला हा हुकूम काढू शकतात. म्हणजे विहीर खासगी आहे हे उत्तर चालत नाही, हे कलम खासगी विहिरीलाही लागू आहे. आणि बऱ्याच ठिकाणी विहीर आधीची असते, रस्ता रुंद होत होत तिच्या काठाशी आलेला असतो, तेव्हा रस्ता करणाऱ्या खात्याकडे क्रॅश बॅरियर मागा, लेखी मागा आणि पोच घ्या. ते लावतील तेव्हा लावतील, तोवर निदान झुडपं तोडा, दगड रचा, त्याला चुना फासा, लाल-पांढरा रिफ्लेक्टर लावा. आमच्याकडे कठडा व्हायच्या आधी महिनाभर अण्णांनी खताच्या पांढऱ्या गोण्यांत माती भरून त्या काठावर मांडून ठेवल्या होत्या, रात्री लांबून दिसायच्या.

सोसायटीतलं झाड किंवा फांदी रस्त्यावरच्या गाडीवर पडली तर सोसायटी जबाबदार?

इथे सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला १९९७ चा, राजकोट महानगरपालिकेचा. एक माणूस चालत ऑफिसला निघालेला, रस्त्याकडेचं झाड अंगावर पडलं आणि गेला. कोर्टानं महापालिकेला जबाबदार धरलं नाही, कारण झाड धोकादायक झालंय हे महापालिकेला माहीत होतं असा पुरावाच नव्हता. दुसरा १९९९ चा, दिल्ली महापालिकेचा. स्कूटरवरून जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात कडुनिंबाची वाळलेली फांदी पडली, तो गेला, आणि इथे मात्र महापालिका जबाबदार ठरली, कारण फांदी वाळलेली आहे हे बघणाऱ्याला दिसत होतं आणि झाडांची तपासणी नीट होत नव्हती.

हे दोन्ही निकाल महापालिकांचे आहेत पण तर्क तुम्हा-आम्हालाही तसाच लागतो. हिरवंगार झाड अचानक उन्मळलं तर एक गोष्ट, आणि दोन वर्षं वाळकी फांदी रस्त्यावर लोंबतेय, वॉचमननं तीनदा सांगितलंय, मीटिंगच्या मिनिट्समध्ये विषय येऊन "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणून ढकललाय, तर ती पूर्ण वेगळी गोष्ट. ते मिनिट्सच तुमच्या विरोधात पुरावा होतील.

पण झाड तोडायला परवानगीच मिळत नाही, मग आम्ही काय करायचं?

शहरात १९७५ चा झाडं जतन करायचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे खरंय आणि ते असायलाच पाहिजे. पण धोकादायक फांद्या छाटायला परवानगी मागता येते, अर्ज करा, फोटो जोडा, झाड कुठे झुकलंय ते लिहा, पोच घ्या, उत्तर नाही आलं तर पंधरा दिवसांनी परत स्मरणपत्र द्या. तोवर त्या फांदीखाली पार्किंग बंद करा, दोरी बांधा, बोर्ड लावा. झाड कलायलाच लागलं तर सरळ फायर ब्रिगेडला फोन. परवानगी अडली म्हणून मालक आपोआप सुटत नाही, पण अर्ज, स्मरणपत्र, दोरी हे सगळं केलेला मालक आणि काहीच न केलेला मालक यांच्यात कोर्ट फरक करतं.

होर्डिंग एजन्सीचं आहे, आम्ही फक्त जागा भाड्यानं दिलीये. तरी आम्ही अडकू?

अडकू शकता. १३ मे २०२४ ला घाटकोपरला छेडानगरमध्ये पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं, १७ जणांचा जीव गेला. महापालिका ४० बाय ४० फुटांच्या वर परवानगी देत नाही आणि ते होतं १२० बाय १२०. जागा रेल्वे पोलिसांच्या ताब्यातली, म्हणून महापालिकेच्या परवानगीची गरज नाही असा पवित्रा होता, आणि सगळा वाद जागा कुणाची, परवानगी कुणाची यावरच फिरला. तिथे सदोष मनुष्यवधाचं कलम लागलं. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला होर्डिंग पडून पाच जण गेले. आणि पुण्यातल्या जुन्या बाजारच्या चौकातली ऑक्टोबर २०१८ ची घटना तर मला विसरताच येत नाही, रेल्वेच्या जागेतला लोखंडी सांगाडा काढायचं काम चालू होतं आणि तो सिग्नलला थांबलेल्या गाड्यांवर आला, चार जण गेले. सिग्नल पाळून उभी असलेली माणसं हो, त्यांची काय चूक.

गच्चीवर किंवा कंपाउंडमध्ये होर्डिंग घेणार असाल तर महापालिकेचं लायसन्स, मंजूर साइज आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्टॅबिलिटी सर्टिफिकेट या तीन गोष्टी स्वतः बघा, एजन्सीच्या माणसाच्या मोबाइलवर नाही, कागद हातात घेऊन. आणि टेप घेऊन प्रत्यक्ष साइज मोजा.

वादळ आलं, निसर्गाचा कोप, असं म्हणून सुटता येतं का?

क्वचित. वळवाचा वारा दरवर्षी मे महिन्यात येतो, पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो, जे दरवर्षी येतं त्याला अनपेक्षित कसं म्हणणार. दिल्लीत चांदणी चौकातलं घंटाघर कोसळून माणसं गेली होती, त्यावर सुप्रीम कोर्टाचा १९६६ चा निकाल आहे. इमारत ८० वर्षं जुनी होती, आणि ज्या प्रकारचा चुना-मसाला वापरला होता त्याचं आयुष्य ४०-४५ वर्षांचंच होतं. दोष आतला होता, वरून दिसत नव्हता, हा बचाव कोर्टानं घेतला नाही. रस्त्यालगत जुनं बांधकाम आहे म्हटल्यावर तपासत राहणं ही मालकाचीच जबाबदारी, असं म्हटलं. आणि असं बांधकाम आपणहून कोसळतं तेव्हा हलगर्जीपणा झाला नाही हे मालकालाच दाखवावं लागतं, मेलेल्याच्या घरच्यांना नाही.

साइटवरून निघालेल्या डंपरनं रस्त्यावर माती सांडली, दोन-चार टू-व्हीलर घसरल्या. बिल्डर जबाबदार की डंपरवाला?

दोघंही असू शकतात. हे मी रोज बघते, पहिल्या पावसाच्या सरीला साइटच्या गेटसमोरचा रस्ता साबणासारखा होतो, लाल मातीचा पातळ थर, लांबून नुसता ओला रस्ता वाटतो आणि ब्रेक दाबला की गाडी गेलीच. मुंबईत २०२३ मध्ये महापालिकेनं धूळ कमी करायला नियम काढले त्यात साइटमधून बाहेर पडताना गाड्यांची चाकं धुवायची सोय ठेवायला सांगितली होती, ते हवेसाठी होतं पण घसरणाऱ्यांनाही तेवढंच लागू पडतं. गेटपाशी पाण्याचा पाइप आणि एक माणूस, याचा खर्च किती येतो?

घरगुती बांधकामाचंही तेच. घरासमोर अर्ध्या रस्त्यात खडी-वाळूचा ढीग टाकायचा आणि "दोन दिवसांत उचलतो" म्हणायचं. खडी पसरत पसरत पंधरा फूट जाते. ढीग टाकायचाच तर परवानगी घ्या, कडेला विटा लावून अडवा, रात्री दिसेल असं काहीतरी लावा आणि रोज संध्याकाळी झाडून घ्या. कॉन्ट्रॅक्टरनं टाकली, मी नाही, हे उत्तर प्रत्येक वेळी टिकेल असं समजू नका, काम तुमच्यासाठी चाललंय.

गाड्या फार जोरात जातात म्हणून आम्ही गल्लीतल्यांनी वर्गणी काढून स्पीडब्रेकर केला. चालतं?

नाही. हेतू चांगला असतो, बऱ्याचदा एखादं लेकरू गाडीखाली येता येता वाचलेलं असतं म्हणूनच लोक करतात, मला कळतं. पण रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था आहे, इंडियन रोड काँग्रेस, तिच्या मापाप्रमाणे उंचवटा ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच असतो, त्याच्या थोडं अलीकडे बोर्ड आणि त्याच्यावर रंगाचे पट्टे लागतात. आपण करतो तो फूटभर रुंद आणि टोकदार, रंग नाही, रात्री दिसत नाही आणि मागे बसलेली बाई उडून पडते. ती पडली तर ज्यांनी केला त्यांच्यावर येतं. वॉर्ड ऑफिसला किंवा ग्रामपंचायतीला अर्ज द्या, ट्रॅफिक पोलिसांना प्रत द्या.

जनावरं रस्त्यावर आली आणि अपघात झाला तर?

पाळलेलं जनावर असेल तर मालक जबाबदार, न्याय संहितेचं कलम २९१, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. यात गेट उघडं राहिल्यामुळे बाइकमागे धावणारा बंगल्यातला कुत्राही आला. हायवेवरच्या मोकाट जनावरांबद्दल ७ नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टानं राज्यांना आणि महामार्ग प्राधिकरणाला ती हटवायला सांगितलंय.

विजेची तार तुटून रस्त्यावर पडली. वीज कंपनी म्हणते कुणीतरी आकडा टाकला होता.

हेच म्हणणं मध्य प्रदेशच्या वीज मंडळानं सुप्रीम कोर्टात मांडलं होतं. रात्री सायकलवरून घरी निघालेला माणूस पाण्यात पडलेल्या जिवंत तारेवरून गेला आणि त्याचा जीव गेला. मंडळ म्हणालं दुसऱ्यानं चोरून आकडा टाकला, आम्ही काय करणार. २००२ चा निकाल आहे, कोर्टानं सांगितलं की इतकी धोकादायक गोष्ट चालवणाऱ्याची जबाबदारी हलगर्जीपणा सिद्ध होण्यावर अवलंबून नाही, भरपाई द्यायचीच.

दुकान भाड्यानं दिलंय. जबाबदारी मालकाची की भाडेकरूची?

ज्याच्या ताब्यात ती वस्तू त्याची आधी. दुकानाचा बोर्ड, शटरबाहेरचा रॅम्प, फुटपाथवर ठेवलेला जनरेटर भाडेकरूचा. छज्जा, भिंत, ड्रेनेजचं झाकण बहुतेक वेळा मालकाचं. भाडेकरारात दुरुस्ती कुणी करायची ते स्पष्ट लिहा, आणि भाडेकरूनं लेखी कळवूनही मालक गप्प बसला तर मालकाला हात झटकता येत नाहीत.

खड्डा रस्त्यातच आहे, म्हणजे मालक सरकारच. मग?

मग सरकारी यंत्रणाही जबाबदार. मुंबई हायकोर्टानं ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय की खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यायचे, दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत, आणि ते पैसे दोषी कॉन्ट्रॅक्टर-अधिकाऱ्यांकडून वसूल करायचे. शहरात महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती हे ठरवते. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ पण आहे, रस्ता नीट न बांधणाऱ्या किंवा न सांभाळणाऱ्या यंत्रणेला आणि कॉन्ट्रॅक्टरला एक लाखापर्यंत दंड, पण तो दंड सरकारच्या मोटार वाहन अपघात निधीत जातो, जखमीच्या हातात नाही.

भरपाई नेमकी कुठे मागायची?

दुसऱ्या गाडीची चूक असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, तिथे कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. जागामालकाविरुद्ध मात्र साधारणपणे दिवाणी कोर्टात जावं लागतं. मृत्यू झाला असेल तर १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याखाली दोन वर्षांत दावा लावावा लागतो, आणि समोर सरकार असेल तर दावा लावायच्या आधी दोन महिन्यांची नोटीस. दुःखात हे दिवस कधी निघून जातात कळत नाही, म्हणून तेराव्यानंतर लगेच कुणीतरी एक नातेवाईक फक्त कागदांच्या मागे लावा. आणि हे खूप बायकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते, विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी.

चालक जोरात होता, हेल्मेट नव्हतं. मग मालक सुटला?

पूर्ण नाही. चूक वाटली जाते आणि तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. आमच्या विहिरीत पडलेला पोरगाही बहुतेक जोरात असणार, पण म्हणून अकरा पावलांवरची उघडी विहीर बरोबर ठरत नाही.

अपघात झाल्या झाल्या काय करायचं?

आधी माणूस, ११२ ला फोन. गाडीचा अपघात असेल तर २०२५ च्या योजनेत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस आहेत, हॉस्पिटलमध्ये विचारा. मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देऊ शकत नाहीत, तेही कायद्यात आहे. मग फोटो, लांबून आणि जवळून, आणि त्याच दिवशी, कारण पडलेली फांदी आणि सांडलेली माती दुसऱ्या दिवशी गायब झालेली असते. पंचनाम्यात ती वस्तू लिहून घ्यायला लावा, "वाहन घसरले" एवढंच लिहिलं असेल तर "कशावरून घसरले" ते विचारा. आजूबाजूचं सीसीटीव्ही लगेच मागा, काही दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग येतं. नंतर माहिती अधिकारात आधी आलेल्या तक्रारी मागा, मालकाला किंवा महापालिकेला माहीत होतं हे त्यातूनच सिद्ध होतं.

सोसायटीनं इन्शुरन्स काढावा का?

काढा. बिल्डिंगच्या पॉलिसीबरोबर तिऱ्हाइताच्या इजेचं कव्हर मिळतं का ते स्पष्ट विचारा, नुसत्या आगीच्या पॉलिसीत ते असेलच असं नाही.

शेजाऱ्याची भिंत रस्त्याकडे फुगलीये, सांगून ऐकत नाही.

आधी एकदा चांगल्या शब्दांत घरी जाऊन सांगा, बरोबर कुणी मोठं माणूस न्या. नाही ऐकलं तर महापालिकेच्या बांधकाम विभागाला फोटोसकट अर्ज, धोकादायक बांधकाम उतरवायची नोटीस देण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि गावात असाल तर वर सांगितलेलं कलम १५२ घेऊन प्रांताकडे. अर्जात तारीख, भिंतीची लांबी-उंची, तडा कुठे आहे, आणि तिथून किती वाजता शाळेची पोरं जातात ते लिहा. पोच घेतल्याशिवाय टेबलासमोरून उठू नका.